फाटकावरची मोजणी

निफाडला माणसं द्राक्षांसाठी जातात, नाहीतर नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला. राज्यातली पहिली रामसर पाणथळ जागा ती. गळ्यात दुर्बीण अडकवून लोक भल्या पहाटे निघतात आणि त्यांना कुणी वेडं म्हणत नाही. मी त्याच पहाटे, तेवढ्याच उत्साहाने, रेल्वे फाटक बघायला जातो. सिग्नल कधी उतरला, मालगाडीला इंजिन कुठलं, वाघिणी किती, हे वहीत टिपायचं आणि कॅमेऱ्यात धरायचं. पाहुण्यांना घरचे सांगतात, ‘यांचं ते डब्यांचं असतं,’ आणि चहा आणायला उठतात.

दिवस जानेवारीचे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा शून्याकडे घसरला की निफाड पहिल्या पानावर येतं. १८४२ साली न्यायमूर्ती रानडे इथे जन्मले, त्याची बातमी कोण करतो? थंडी म्हणून मी मुलाचं धावण्याच्या शर्यतीतलं भडक केशरी जॅकेट चढवलं होतं. पुढचं सगळं त्या जॅकेटने केलं.

फाटकाच्या अलीकडे तिकाटणं लावलं. गेटमनच्या खोलीतला फोन वाजला. स्टेशनकडून आलेला नंबर त्याने रजिस्टरात उतरवला, आपला सांगितला, बाहेर येऊन दांडा फिरवायला लागला. फाटक पूर्ण पडून कुलूपबंद झाल्याशिवाय त्याचा सिग्नल हिरवा होऊच शकत नाही. खांबावर पिवळ्या गोलात काळं ‘जी’ अक्षर असतं, तो हा सिग्नल. तो लाल सोडतो त्या क्षणासाठी मी पहाटे उठतो.

लासलगावला लाल कांदा घेऊन निघालेले ट्रॅक्टर थांबले. एक टोपीवाले बाबा खाली उतरले.

“मोजणी चालूय का साहेब?”

“हो,” मी म्हणालो. मी वाघिणींबद्दल बोलत होतो.

“पुलाची मोजणी आली रे!”

मिनिटाभरात माझ्याभोवती सभा भरली. उड्डाणपूलवाले एकीकडे, भुयारी मार्गवाले दुसरीकडे. भुयारी केला तर पावसाळ्यात होडी लागेल, उड्डाणपूल केला तर रस्ता थेट कुणाच्या तरी बागेत उतरेल. ज्यांच्या बागेत उतरणार होता ते तिथेच होते. “माझ्या थॉमसनमधून एक फूट भेटनार नाय,” असं म्हणून ते थेट कॅमेऱ्यासमोर उभे राहिले.

“अहो, मला फक्त मालगाड्या बघायला आवडतात,” मी कळवळून म्हणालो.

सगळे गप्प झाले. मग बाबांनी हळूच विचारलं, “वरून तसंच सांगा म्हनलेत का?”

तेवढ्यात एका शाळकरी पोराने पलीकडच्या पिवळ्या पाटीकडे बोट केलं. “काका, सी-फा म्हंजी काय?” सीटी-फाटक, इथून ड्रायव्हरने शिट्टी वाजवायची, असं मी सांगितलं. “बघा!” सभा एका सुरात म्हणाली. आता मी स्वतःच्या आईची शपथ घेतली असती तरी रेल्वेचाच राहिलो असतो.

शिट्टी आली. वॅग-१२! दोन धडांचं, बारा हजार अश्वशक्तीचं, बिहारच्या मधेपुऱ्यात घडलेलं इंजिन, मागे कोळसा. बहुधा एकलहऱ्याच्या वीजकेंद्राचा. नंबर लिहिला, वाघिणी मोजायला लागलो. तीस, एकतीस...

“मोबदला काय दराने?”

झालं. माझी मोजणी बुडाली. कॅमेऱ्यात बागवाल्यांची पाठ आणि फटीतून थोडा कोळसा एवढंच आलं आहे. मी खरोखर चिडलो होतो. उलटून काहीतरी बोलणारही होतो, पण नजर गेटमनकडे गेली.

तो हिरवा झेंडा धरून गाडीकडे तोंड करून उभा होता. गाडी येते तेव्हा सगळी माणसं इंजिनाकडे बघतात. हा चाकांकडे बघत होता. कुठला आस तापून धूर येतोय का, काही लोंबकळतंय का, ठिणगी उडतेय का. तसं काही दिसलं तर त्याने लाल झेंडा दाखवायचा, आणि ती अख्खी गाडी थांबते. एकेक वाघीण तो तपासत होता. भोवतीच्या आमच्या गोंधळाकडे त्याने मान वळवली नाही. शेवटच्या डब्यातून एक हात बाहेर आला, त्यातही हिरवा झेंडा. २०२२च्या जानेवारीपासून त्या माणसाचा हुद्दा ट्रेन मॅनेजर झालाय. लोकांच्या तोंडी अजून गार्डच. दोघांनी एकमेकांना झेंडे दाखवले, नजरानजर झाली की नाही कोण जाणे, आणि गाडी गेली. त्याने झेंडा गुंडाळला, रजिस्टरात काही लिहिलं, फाटक उचललं.

ट्रॅक्टर हलले नाहीत. मागून हॉर्न सुरू झाले, पण निवेदन दिल्याशिवाय साहेबाला सोडायचं नाही असं ठरलं होतं. कागद कुणाकडेच नव्हता, म्हणून माझ्याच वहीचं पान फाडलं. मजकूर उड्डाणपूलवाल्यांनी सांगितला, भुयारीवाल्यांनी ‘किंवा’ घालायला लावलं, बागवाल्यांनी खाली हरकत नोंदवली. सगळ्यांच्या सह्या झाल्यावर बाबा म्हणाले, “आता पोच द्या.”

मी दिली. सही, तारीख, वेळ. “मूळ प्रत माझ्याकडे राहू द्या,” म्हटलं, तर म्हणाले, “पोच आमच्याजवळच पायजे, साहेब. मागच्या साहेबाने बी असंच केलं व्हतं.” आणि घडी घालून कागद टोपीत ठेवला.

इंजिनाचा नंबर त्याच पानाच्या मागे आहे.