दाढ, लिफ्ट आणि जावईबापू

(सदाशिव पेठ. बँकेतून निवृत्त झालेले सासरे पासबुकातल्या नोंदींवर पेन्सिलीनं टिंबं देताहेत. जावई हिंजवडीहून थेट आलेला. उजवा गाल सुजलेला.)

सासरे : या, जावईबापू. गाल काय म्हणतोय?

जावई : दोन दाढांचं रूट कॅनाल, बाबा. वर कॅप. डॉक्टरांनी कॅपचे दर मेनूकार्डासारखे पुढे ठेवले.

सासरे : आणि तुमचा तो विमा?

जावई : दाढा त्यात बसत नाहीत म्हणे. त्यात सोसायटीनं याच आठवड्यात लिफ्ट बदलायला काढली. फ्लॅटमागे 60,000.

सासरे : म्हणजे हात आखडलाय.

जावई : छे! माझी नेटवर्थ उत्तम आहे. (मोबाइल पुढे करतो.) हा आकडा बघा.

सासरे : वा! मग यातूनच लिफ्टचे द्या.

जावई : त्यातला मोठा भाग म्हणजे वाकडचा फ्लॅट.

सासरे : त्यातलं एक बाथरूम काढा विकायला.

जावई : पीपीएफ आहे ना!

सासरे : कधी उघडलंत?

जावई : गेल्याच्या गेल्या मार्चमध्ये. टॅक्ससाठी, शेवटच्या दिवशी.

सासरे : पैसे काढायला सातवं वर्ष उजाडावं लागतं. कर्ज मिळेल, पण दोन वर्षांपूर्वीच्या शिलकीच्या 25 टक्के. त्या मार्चमध्ये भरले किती होते?

जावई : पाचशे. खातं नुसतं उघडून ठेवलं.

सासरे : सव्वाशे रुपये. लवंगेचं तेल येईल.

जावई : शेअर्स विकले तर पैसे एक-दोन दिवसांत खात्यावर.

सासरे : मग विका की.

जावई : सध्या लाल आहेत, बाबा. लालमध्ये विकायचं नसतं.

सासरे : दाढेला सांगा तसं. थांबेल हिरवं होईपर्यंत.

जावई : शेवटी क्रेडिट कार्ड आहेच. एटीएममधून...

सासरे : कार्डावर रोख काढली की त्याच दिवसापासून व्याज. महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात, म्हणजे वर्षाचे चाळीसच्या वर. एवढा दर सांगताना आमच्या गावचा सावकारसुद्धा इकडेतिकडे बघायचा.

जावई : इमर्जन्सी फंड होता हो माझा! सहा महिन्यांचा खर्च, वेगळा काढलेला.

सासरे : मग?

जावई : दिवाळीच्या सेलला 65 इंची टीव्ही आला. 'शेवटचे चार तास' असं लिहिलं होतं. मग गणपतीला कोकणात गाडी, जूनला फी...

(जावयाच्या बाजूनं एवढं म्हणायलाच हवं, की टीव्ही खरोखर सुरेख आहे.)

सासरे : जावईबापू, जे कालनिर्णयात छापलेलं असतं, त्याला अचानक खर्च म्हणत नाहीत. फी, सण, विम्याचा हप्ता यांचं खातं वेगळं. आणि नोकरी गेली, दाढ गेली, त्याचं वेगळं.

जावई : पण एफडीत ठेवून मिळतं काय? महागाई त्यापुढे धावते.

सासरे : तो पैसा वाढायला ठेवतच नाहीत. हाक मारली की उठून यावा, एवढीच अपेक्षा. थोडा बचत खात्यात, बाकी एफडीत. मुदतीआधी मोडली तर जितके दिवस राहिली तेवढ्या मुदतीचा दर, त्यातून बहुधा अर्धा-एक टक्का कमी, दुसरं काही नाही. आणि दोन बँकांत ठेवा. 2019 च्या सप्टेंबरात निर्बंध आले तेव्हा पीएमसी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला हजारच रुपये काढायची मुभा होती.

जावई : मग घरातच रोख ठेवावी?

सासरे : रात्री-अपरात्री लागेल तेवढीच. तुमच्या सासूबाईंनी तांदळाच्या डब्यात ठेवली होती. 8 नोव्हेंबर 2016 ला रात्री टीव्हीवर नोटाबंदीची घोषणा झाली आणि डबा ओट्यावर पालथा. माझ्या पगारातून इतकं वाचत होतं, हे मला त्या रात्री कळलं.

सासूबाई : (आतून) चार दिवस रांगेत मी उभी होते, ते नाही सांगत!

जावई : (गाल धरून) बाबा, तूर्तास लाखभर... तीन महिन्यांत परत करतो. फक्त हिला काही सांगू नका.

सासरे : तिला काय सांगायचं? तिची सहा महिन्यांच्या खर्चाची एफडी आहे, तीन वर्षांपूर्वीची. नॉमिनी तुम्ही आहात.

जावई : मला कधी बोलली नाही!

सासरे : बोलली असती तर टीव्ही 75 इंची आला असता. तिचा सकाळीच फोन आला होता. दाढेचे पैसे ती देणार आहे. लिफ्टसाठी तुम्ही ते लाल शेअर विकायचे.