बाप घालवला कुणी?

हॉलिवूडच्या सिनेमात कृष्णवर्णीय बाप पुष्कळदा गोष्ट सुरू होण्याआधीच गायब असतो. तो तुरुंगात असतो, मेलेला असतो, नाहीतर दुसऱ्या बाईकडे गेलेला. तो का गेला, हे विचारायची तसदी पटकथा घेत नाही. जणू पळून जाणं त्याच्या रक्तातच आहे!

1974 च्या 'क्लॉडिन'ने ती तसदी घेतली. हार्लेममधली सहा मुलांची आई, चोरून धुणीभांडी करणारी. तिच्यावर जीव जडलेला रूप नावाचा माणूस कचरा उचलतो. समाजकल्याण खात्याची बाई तपासणीला आली की घरातल्या वस्तू लपवायच्या, कारण पुरुषाने आणलेली भेटसुद्धा उत्पन्नात धरून सरकारी मदत कापली जाते. अलाबामात तर आईचा कुणा पुरुषाशी संबंध दिसला की मुलांचीच मदत बंद व्हायची. तो नियम सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये मोडीत काढला. आधी पुरुषाला उंबऱ्याबाहेर ठेवायचं आणि मग घरात बाप नाही म्हणून हळहळायचं, हा निव्वळ दांभिकपणा आहे.

टीव्हीनेही बापाला असंच घालवलं. 1974 मध्येच सुरू झालेल्या 'गुड टाइम्स' मालिकेत आईच्या भूमिकेसाठी एस्थर रोल यांनी अट घातली: या कुटुंबाला बाप हवा. म्हणून जॉन एमॉस आले. थोरल्या मुलाचा विदूषक होऊ लागला तेव्हा एमॉस लेखकांशी भांडले. 1976 मध्ये त्यांना काढलं आणि बापाला अपघातात मारून टाकलं. भांडून मिळवलेला बाप दोन वर्षांत संपला. मला याचा आजही संताप येतो.

आता खऱ्या घरांकडे या. अमेरिकेच्या आरोग्य आकडेवारी केंद्राने 2013 मध्ये पाहणी प्रसिद्ध केली. पाच वर्षांखालच्या मुलांसोबत राहणाऱ्या कृष्णवर्णीय बापांपैकी सुमारे 70 टक्के रोज मुलांना आंघोळ घालत, कपडे चढवत, लंगोट बदलत होते. गोऱ्या बापांत हे प्रमाण सुमारे 60 टक्के होतं. वेगळं राहणारे बाप पुष्कळ आहेत, ते कुणी नाकारत नाही. पण आईबापांचं लग्न झालेलं नाही एवढ्यावरून मूल बापाविना वाढतंय असं धरून चालणं खोटं आहे.

मुलांपाशी राहिलेला बाप पडद्यावर येतो तोही बहुधा अचाट असावा लागतो. 'द पर्स्यूट ऑफ हॅपीनेस'मधला बाप बेघर होऊन पुढे कोट्यधीश होतो. 'किंग रिचर्ड'मधल्या बापाच्या मुली म्हणजे टेनिसपटू व्हीनस आणि सेरेना विल्यम्स. साध्या बापाचं काय? तो चार्ल्स बर्नेट यांनी सत्तरच्या दशकातच विद्यापीठाच्या प्रबंधासाठी चित्रित केला होता: 'किलर ऑफ शीप'मधला स्टॅन, लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत राहणारा, कत्तलखान्यात राबून झोप हरवलेला आणि तरीही बायकामुलांना न सोडणारा. गाण्यांच्या हक्कांपायी हा सिनेमा रीतसर चित्रगृहांत लागला 2007 मध्ये. तीस वर्षांत ते हक्क विकत घ्यावेत असं एकाही बड्या स्टुडिओला वाटलं नाही.