मीटर पडल्याशिवाय पगार नाही

रिक्षाचं मीटर निदान सिग्नलला उभं असतानाही सरकतं. अमेरिकेत विमान उडवायला शिकवणाऱ्या गुरुजींची तेवढीही सोय नाही. कॉकपिटमध्ये हॉब्ज मीटर असतो. इंजिन सुरू झालं की तो तासाच्या दशांशांत पुढे सरकतो आणि बऱ्याच फ्लाइंग स्कूलांत गुरुजींचा पगारही त्याच्याच मागोमाग. फळ्यावर आडव्या वाऱ्याचं गणित समजावलं, ढग खाली आले म्हणून दुपारभर खिडकीशी बसले, शिष्याने ऐनवेळी दांडी मारली, हे सगळं बहुधा विद्यादानात जमा.

तरी माणसं मिळतात, कारण सोय कायद्यानेच करून ठेवली आहे. 2009 मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडून 50 जण गेले. त्यानंतरच्या कायद्याने 2013 पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही साधारण 1500 तासांचा अनुभव लागतो. (त्या विमानाच्या दोन्ही वैमानिकांकडे 1500 हून जास्त तास होते, पण ते असो.) कमर्शियल लायसन्स मिळतं 250 तासांच्या आसपास. मधले साडेबाराशे तास आणायचे कुठून? शिकवा! म्हणजे कालचा विद्यार्थी आज मास्तर, आणि तास भरले की मास्तर पसार. शिष्याचं लँडिंग बसेपर्यंत दोन-तीन गुरुजी बदललेले असतात.

स्कूलवाल्यांची काही तक्रार नाही. जाहिरातीत पगाराच्या जागी ते छातीठोकपणे लिहितात, ‘भरपूर तास मिळतील.’ घरमालक भाडं तासांत घेतो का, तेवढं मात्र लिहायचं राहून जातं.