दहा बाय दहाचा स्टुडिओ

घरच्या घरी स्टुडिओ करायचा म्हटलं की माणूस आधी माईक विकत घेतो. ही पहिली चूक आणि ती प्रत्येकाने करावीच, कारण त्याशिवाय आपलं घर किती बोलतं ते कळत नाही. एका ऑडिओबुकचं काम मिळालं तेव्हा मीही कन्डेन्सर माईक आणला, ४८ व्होल्टचं बटण दाबलं, हेडफोन लावला आणि गप्प बसलो. फ्रिज, पंखा, ट्यूबचा चोक, शेजारच्या काकूंचा मिक्सर. सगळे हजर.

तेव्हा आधी खोली तपासावी. मधोमध उभं राहून एक खणखणीत टाळी वाजवावी. (घरच्यांना कल्पना द्यावी. आमच्याकडे आई आरती समजून हात जोडून आत आली.) टाळीमागून ‘ट्रर्र’ असं काही ऐकू आलं तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाजाची टोलवाटोलवी करताहेत. त्यात खोली दहा बाय दहा. बिल्डरने चौरस खोली दिली म्हणून आपण खूश. पण भिंतींच्या दोन्ही जोड्यांमध्ये अंतर तेवढंच, म्हणून दोन्ही जोड्या एकाच सुरावर घुमतात. साधारण ५६ हर्ट्झ आणि त्याची दुप्पट ११२. हा दुसरा आकडा नेमका पुरुषाच्या आवाजाच्या हद्दीत येतो, त्यामुळे काही शब्द उगाचच आकाशवाणीसारखे भारदस्त होतात आणि बाकीचे भाजीवाल्याशी बोलल्यासारखे.

यावर लोक अंड्यांचे ट्रे सुचवतात. आमच्या शाकाहारी घरात त्यावर दोन दिवस वाद झाला. उपयोग मात्र शून्य. पातळ फोमही तसाच. तो खोलीतला चिरका आवाज थोडा शोषतो, बाहेरचा अडवत नाही. अडवायला वजन लागतं, वीट लागते, फटी बुजवाव्या लागतात. भंगारवाल्याची हाळी फोमला भीक घालत नाही.

गोधडी मात्र घालावी, तीही आजीच्या हातची, जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर असलेली. भिंतीला चिकटवू नये. चार बोटं पुढे दोरीवर टांगावी, मागच्या पोकळीमुळे ती जास्त काम करते. आणि टांगायची बोलणाऱ्याच्या पाठीमागे, कारण माईकचं तोंड तिकडे असतं. माईकची पाठ खिडकीकडे करावी. कार्डिऑइड माईकला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं. (आमच्या घरात हा गुण बऱ्याच जणांत आहे.) माईक तोंडापासून वीतभर लांब, किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’ची फुंकर थेट बसत नाही. अंतर दुप्पट केलं की आपला आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. खोलीचा घुमारा होता तिथेच राहतो.

सोय नाही म्हणून रडू नये. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं गाणं हॉटेलच्या खोलीत मुद्रित झालं, माईकशिवाय, कर्ण्यात तोंड घालून. अर्थात तेव्हा शेजारी मिक्सर नव्हता.

आता वेळापत्रक. पंखा बंद, मे महिना असला तरी. कुकर चढायच्या आत एक प्रकरण, शिट्ट्या संपल्यावर दुसरं. फ्रिज बंद करताना स्कूटरची किल्ली आत ठेवावी, म्हणजे फ्रिज चालू केल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही. ही युक्ती मला तिसऱ्यांदा दूध नासल्यावर समजली. बायकोने ती पहिल्यांदाच सुचवली होती.

एवढं करूनही समाधान झालं नाही तर अंतिम उपाय कपाट. पैठण्या, शाली, स्वेटर दोन्ही बाजूंना दाटीने टांगलेले. मध्ये आपण, माईक आणि पुस्तक. याहून कोरडी, न घुमणारी जागा मध्यमवर्गीय घरात नाही. डांबरगोळ्यांच्या वासाने डोळे चुरचुरतात आणि पान उलटताना कोपर हँगरला लागतं, तेवढं सोसावं. मी रात्री दोनची वेळ निवडली. फ्रिज बंद, पंखा बंद, सोसायटीचा वॉचमन झोपलेला. कपाटाचं दार आतून ओढून घेतलं, कपाळाला टॉर्च बांधला आणि भुताच्या प्रकरणाला सुरुवात केली.

पंखा बंद असूनही आईला थंडी वाजली आणि ती शाल घ्यायला आली.

ती किंकाळी मी अजून जपून ठेवली आहे. आवाज जरा फाटलाय, पण घुमारा औषधालाही नाही.