अर्धा दिवस उंट, जेवणासकट

राजस्थानच्या सहलीत उंट हा ऐच्छिक विषय नसतो. किल्ले, हवेल्या, राजवाडे यांपैकी एखादं 'बाहेरूनच बघू' म्हणून सोडून देता येतं. आमच्या ग्रुपने जोधपूरनंतर ते सर्रास सुरू केलं होतं. पण जैसलमेरला जाऊन उंटावर न बसता परतलेल्या माणसाला महाराष्ट्रात काही किंमत राहत नाही. रावळ जैसलने 1156 मध्ये वसवलेल्या त्या किल्ल्यात आजही माणसं राहतात, तोफेशेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होतात, हे सगळं ऐकून घ्यायला साडूंना वेळ नसतो. "उंटावर बसलात का?" एवढाच प्रश्न. 'नाही' म्हटलं तर विषय संपला, आणि 'हो' म्हटलं तर "मोबाइलमध्ये दाखवा."

म्हणून प्रत्येक टूरच्या कार्यक्रमपत्रिकेत ती ओळ असतेच: 'दुपारनंतर सम येथे वाळवंट सफारी, उंटाची सवारी, सूर्यास्त, लोकनृत्य व रात्रीचे जेवण.' अर्ध्या दिवसात इतकं सगळं. यातलं उंटाच्या वाट्याला पाऊण तासही येत नाही, ही माहिती छापलेली नसते. बाकीचा वेळ बस, चहा, सूर्य आणि जेवण यांची वाट बघण्यात जातो, आणि ते काम आपण मराठी माणसं बसल्याबसल्या चिवडा खात छान करतो.

जैसलमेर ते सम अंतर चाळीसेक किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंटांपेक्षा पवनचक्क्या जास्त. वाटेत कुलधरा लागतं. पालीवाल ब्राह्मणांचं हे गाव जुलमी दिवाणाच्या जाचाला कंटाळून एका रात्रीत रिकामं झालं, आणि आजूबाजूची धरून 84 गावं तशीच उठून गेली, अशी कथा सांगतात. इतिहासकार पाण्याचं दुर्भिक्ष वगैरे कारणं देतात, पण दुर्भिक्षाला तिकीट लावता येत नाही. आमच्यातले सांगलीचे काका निवृत्त बँक अधिकारी. त्यांनी सगळी कथा शांतपणे ऐकली आणि गाइडला विचारलं, "एका रात्रीत 84 गावं? मग सामानाची व्यवस्था काय केली होती?" गाइडने आजवर भुताखेतांवरचे सगळे प्रश्न झेलले असतील. या प्रश्नाला तो बसमध्ये चढेपर्यंत गप्प राहिला.

समला पोचलो तेव्हा टेकड्यांवर वाळू कमी आणि माणसं जास्त होती. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. जीपवाले, पतंगाला पंखा बांधून उडवणारे, 'थंडा, कुरकुरे' म्हणत वाळूतून धावणारी पोरं, आणि या सगळ्यात रांगेत बसून निवांत रवंथ करणारे उंट. त्या गर्दीत घाई नसलेले तेवढेच.

ज्यांना उंट झेपणार नाही त्यांच्यासाठी उंटगाडी असते. तिला विमानाचे जुने टायर लावतात. रुंद असल्याने ते वाळूत रुतत नाहीत. हे कळल्यावर काकांनी ताबडतोब गाडीच पसंत केली. "विमानाचे आहेत म्हणजे क्वालिटी असणार," असं म्हणून ते चढून बसले आणि तिथून आम्हा सगळ्यांना कसं बसायचं, कुठे धरायचं, याच्या सूचना देऊ लागले. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले होते. गाडीतून उंट हाकणारे काका पहिलेच.

काकूंचे दोन्ही गुडघे बदललेले. त्यांनी गाडीत बसावं असं सगळ्यांचं मत होतं, काकू सोडून. त्या आपल्या उंटाला वळसा घालून आल्या, वाकून त्याचे पुढचे गुडघे बघितले. गुडघ्यांवर कातडीचे जाड घट्टे असतात, छातीवरही असतो. उठता-बसता सगळा भार तिथेच येतो. "बिचाऱ्याला पण त्रास दिसतोय," काकू म्हणाल्या, आणि त्याच आपुलकीने वर चढून बसल्या.

आमच्या उंटाचं नाव बाहुबली, असं उंटवाल्याने सांगितलं. काकूंचा मायकल जॅक्सन. मागे एक बंगाली कुटुंब होतं, त्यांच्या उंटाचं नाव फेलूदा निघालं. सत्यजित राय यांनी 1974 मध्ये याच फेलूदा गुप्तहेराला जैसलमेरला आणणारा 'सोनार केल्ला' हा चित्रपट काढला तेव्हापासून बंगाली माणूस जैसलमेरला देवदर्शनाच्या भावनेने येतो, हे उंटवाल्यांना पक्कं ठाऊक आहे. प्रवाशाचं गाव विचारायचं आणि मग उंटाचं नाव सांगायचं, अशी पद्धत. वाटेत बाहुबलीने कुणाच्या तरी हातातल्या कुरकुऱ्यांकडे मान वळवली तेव्हा उंटवाल्याच्या तोंडून "ए काळिया!" असं निघालं आणि बाहुबलीने लगेच मान सरळ केली.

एका उंटावर दोघं, असा नियम. पुढे कोण बसणार यावर चर्चा झाली नाही, कारण फोटो पुढच्याचा येतो. ही पुढे बसली. मी मागे, लाकडी पलाणावर टाकलेल्या गोधड्यांवर. "पीछे झुको, साब," उंटवाला म्हणाला. उंट मागचे पाय आधी सरळ करतो. म्हणजे आपल्या मागची अर्धी सृष्टी एकदम वर जाते आणि आपण समोरच्या माणसाच्या पाठीवर जाऊन पडतो. समोरचा माणूस म्हणजे बायको असली, तर ती "काय हे!" म्हणते. तिला उत्तर देईपर्यंत उंट पुढचे पाय सरळ करतो आणि आपण आभाळ बघतो. हे सगळं तीन-चार सेकंदांत आटोपतं, पण तेवढ्यात जे तोंडातून बाहेर पडतं ते खालचे लोक मोबाइलवर टिपून घेतात.

चालताना उंट एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदमच उचलतो. त्यामुळे वर बसलेला माणूस पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे एकाच वेळी हलतो. आम्ही सगळे दांडी घट्ट धरून बसलो होतो. काकू मात्र एका हाताने पदर सावरत दुसऱ्या हाताने काकांना टाटा करत होत्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, आणि रोज एसटीच्या शेवटच्या सीटवरून जत तालुक्यात जात-येत. "हे त्यापेक्षा बरं," त्यांनी वरूनच सांगितलं. "इथे निदान खड्डे मऊ आहेत."

आणि मग मायकल जॅक्सनने जीभ गिळायचा प्रयत्न केल्यासारखा आवाज काढला. बाटलीतून पाणी ओतताना होतो तसला गुडगुडाट, मग करकर दात वाजले, ओठांवर फेस आला, आणि तोंडाच्या एका बाजूने चांगला वीतभर गुलाबी, ओला, हवा भरलेला फुगा बाहेर लोंबू लागला. काकूंच्या मागे बसलेली त्यांची नात किंचाळली. बंगाली कुटुंबातल्या एका गृहस्थांनी उंटाची जीभ फुटल्याचं जाहीर केलं. काकांनी गाडीतून "डॉक्टर! कुणी डॉक्टर आहे का?" अशी हाक दिली.

उंटवाला जराही विचलित झाला नाही. "कुछ नहीं माताजी, मस्ती में है. शादी का सीजन है."

खुलासा असा, की तो फुगा म्हणजे टाळूचा मऊ भाग. नर उंट हिवाळ्यात माजावर येतो तेव्हा तो फुगवून तोंडाबाहेर काढतो, माद्यांवर छाप पाडायला आणि इतर नरांना दम द्यायला. मानेमागच्या ग्रंथींतून काळा, उग्र वासाचा स्रावही गळतो. शाळेच्या पुस्तकात आपण वाळवंटातलं जहाज, मदारीत साठवलेली चरबी, एका बैठकीत शंभर लिटर पाणी पिण्याची ताकद, मिटणाऱ्या नाकपुड्या, हे सगळं शिकलो; हा भाग वगळण्यात आला होता. आणि गंमत अशी, की पर्यटकांचा हंगाम आणि उंटांची लग्नसराई नेमकी एकाच वेळी येते. ऐन मुहूर्तावर पाठीवर सांगलीच्या काकू घेऊन फिरणाऱ्या त्या प्राण्याची मनःस्थिती काय असेल, याचा विचार करायला हवा होता. काकूंनी तो केला. "असू दे हो," त्या त्याच्या मानेवर थापटत म्हणाल्या, "तरुण आहे."

पुढच्या टेकडीपाशी उंटवाल्याने काळियाला थांबवलं आणि वर बघून विचारलं, "साब, पीछेवाला असली टीला देखना है? वहाँ भीड़ नहीं. बस थोड़ा एक्स्ट्रा." आता, मंडईत मेथीच्या जुडीवरून दहा मिनिटं भांडणारी ही, जमिनीपासून दोन माणूस उंचीवर एकदम मवाळ झाली. आपण वर आहोत आणि उतरायचा मंत्र फक्त खालच्या माणसाला येतो, हे लक्षात आलं की घासाघिशीतला जोर जातो. त्याने सांगितला तो आकडा मान्य झाला. टेकडी मात्र खरोखरच बरी होती. तिथे वाळूवर वाऱ्याने काढलेल्या रेघा अजून शाबूत होत्या आणि एक शेणकिडा आपला मार्ग काढत चालला होता.

सूर्यास्त सहाच्या सुमारास झाला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. सूर्य मावळला, टाळ्या वाजल्या.

तेवढ्या वेळात उंटवाल्याशी बोलणं झालं. त्याच्या आजोबांकडे चाळीस उंट होते, याच्याकडे दोन. शेतात ट्रॅक्टर आला, रस्त्यावर पिकअप आला, चराईची जमीन आकसली. 2012 च्या पशुगणनेत देशात चार लाख उंट होते, 2019 मध्ये अडीच लाख उरले. मधल्या काळात, 2014 मध्ये, राजस्थानने उंटाला राज्यप्राणी केलं आणि 2015 मध्ये कायदा करून त्याची कत्तल आणि राज्याबाहेरची विक्री यांवर बंधनं आणली. हेतू चांगलाच होता. पण बाहेरचं गिऱ्हाईक तुटल्याने बाजार बसला आणि उंट पाळणंच परवडेना, अशी पाळणाऱ्यांची तक्रार आहे. "स्टेट का जानवर बन गया, साब," तो म्हणाला, "पर चारा स्टेट नहीं देता." सरकारी मानसन्मानाची इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्या अग्रलेखात वाचलेली नाही. पॅकेजच्या पैशांतले त्याच्यापर्यंत किती पोचतात, असं विचारल्यावर त्याने हसून काळियाची वेसण नीट केली.

कॅम्पवर ढोल वाजवून, टिळा लावून स्वागत झालं. मग भजी, चहा आणि गाद्या-लोड टाकलेला चौक. सुरुवातीची वीसेक मिनिटं फार सुंदर होती. मांगणियार गायक बसले होते. ही मुसलमान कलावंतांची जमात. पिढ्यान् पिढ्या आपल्या राजपूत यजमानांच्या घरी जन्मापासून लग्नापर्यंतची गाणी गाणारी. एका म्हाताऱ्याच्या मांडीशी कमायचा होता, आंब्याच्या लाकडाचा, कातडं मढवलेला. ज्या वाद्यासाठी हमीरा गावच्या साकर खानांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली, तेच. गजाच्या पहिल्याच घर्षणाला काकूंनी शाल बाजूला ठेवली. शेजारच्या पोराच्या हातातली खरताल, म्हणजे निव्वळ लाकडाच्या चार पट्ट्या, पण तिच्यातून तो जे काढत होता ते ऐकून आमच्यातल्या तबला शिकलेल्या गृहस्थांनी पुढे अर्धा तास कुणाशी बोलणं टाकलं. मग कालबेलिया नाच झाला. 2010 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेला हा नाच, आणि मुलीने मागे वाकून पापण्यांनी अंगठी उचलली तेव्हा त्या यादीचा अर्थ कळला.

यानंतर डीजे आला. "महाराष्ट्र से कौन कौन?" आम्ही हात वर केले. या एका गोष्टीबद्दल माझी तक्रार नोंदवून ठेवतो. शेकडो मैल वाळवंटात येऊन, कमायचा बाजूला सारून, आम्हाला 'झिंगाट' ऐकवण्यात आलं. आणि त्याहून वाईट म्हणजे सगळे नाचले. काका तर माकडटोपीसकट.

जेवण मात्र चोख. बाटी चुलीतून काढून, मुठीने फोडून, तुपात बुचकळून देत होते. वाढणारा "घी?" असं विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता ओतायचा. दाल, गट्ट्याची भाजी, लसणाची चटणी, बाजरीची रोटी, चुरमा. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेणाऱ्या मंडळींनी त्या जेवणाआधीच घेऊन टाकल्या. केर-सांगरीच्या भाजीपाशी काका थबकले. "गवार आहे, पण जरा वाळलीय," त्यांनी निदान केलं. केर ही रानातली छोटी फळं आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, वाळवून ठेवलेल्या. दुष्काळात दुसरं काही उगवत नाही तेव्हा हीच भाजी तगवते. आता ती वाळलेली सांगरी सुकामेव्याच्या भावाने विकतात. भाव ऐकल्यावर काकांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

थंडी कडक पडली होती. बसकडे जाताना बाहेर उंट झोपायच्या तयारीत बसले होते. मायकल जॅक्सनचा फुगा आत गेला होता. काकूंनी पदराआडून एक बाटी काढली, तर उंटवाला म्हणाला, "मत खिलाओ माताजी, घी है, पेट खराब होगा." जो सल्ला आम्हाला दिवसभरात कुणी दिला नव्हता तो उंटाला मिळाला.

तुम्ही जाणार असाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जा, गर्दी नको असेल तर समऐवजी खुहडी बघा, आणि साडी असो वा पँट, पायभर कपडे घाला. पलाण सोलून काढतं. जादा फेरीचा भाव जमिनीवर उभं असतानाच ठरवा. आणि पॅकेजमध्ये सगळं धरलेलं असलं तरी, उतरल्यावर शंभर-दोनशे रुपये उंटवाल्याच्या हातात वेगळे ठेवा. ते थेट चाऱ्याला जातात.