काई होत नाई, बाप्पा!

हिंगणा एमआयडीसीतल्या कोणत्याही फॅब्रिकेशन शेडमध्ये डोकावा, भाऊ तिथे असतोच. गालात खर्रा, पायात स्लीपर, हातात ग्राइंडर. "भाऊ, चष्मा?" असं विचारलं की तो हनुवटी वर करून, खर्रा सांभाळत म्हणतो, "काई होत नाई ना बाप्पा! वीस वर्सं झाली, झालं का मले काई?" हे विचारताना तो जो पंजा नाचवतो, त्यात बोटं साडेचार असतात. उरलेल्या अर्ध्याचा हिशेब मागितला तर उत्तर तयार आहे : "ते तं मशीनची गलती होती."

भाऊ सुरक्षेची साधनं वापरत नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. हेल्मेटमध्ये तो नटबोल्ट ठेवतो. ग्राइंडरचं गार्ड काढून भिंतीला टांगलेलं असतं, कारण त्याने 'काम अडते'. पण खंडेनवमीला मशीनच्या जोडीने गार्डालाही हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळतं. धुळीचा मास्क त्याला तत्त्वतः मान्य आहे, फक्त मग थुंकायचं कुठून? हातमोजे मात्र तो आवर्जून घालतो, नेमके ड्रिल मशीनवर, म्हणजे जिथे घालायचेच नसतात. फिरत्या बिटाने मोज्याचा एक धागा पकडला की मागोमाग हात जातो. आणि मोज्याच्या आत नीलमाची अंगठी, शनीपासून संरक्षणासाठी! शनी काय करेल ते शनी जाणे. अंगठी यंत्रात अडकली तर बोट सोलून निघतं.

२०२५ पर्यंत लागू असलेला कारखाने अधिनियम १९४८ सालचा. त्याचं कलम २१ यंत्राला आडोसा घाला म्हणायचं, कलम ३५ डोळे जपा म्हणायचं. भाऊने तो वाचलेला नाही, पण तपासणीला साहेब येणार हे त्याला मालकाच्याही आधी कळतं. त्या दिवशी गार्ड भिंतीवरून उतरतं, नटबोल्ट जमिनीवर येतात. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, शपथ घेताना सगळ्यात चढा आवाज भाऊचाच. आणि हे कुठे, तर देशभरच्या स्फोटकांवर नजर ठेवणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय आणि राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय ज्या नागपुरात आहे, तिथे! भाऊचं म्हणणं, "ते मोठ्या भडक्याचं पाहतेत, आपलं लहान काम आहे."

आता हाच भाऊ मे महिन्यात पाहा. पारा पंचेचाळीशीला टेकला की घरून निघताना डोक्याला, कानांना दुपट्टा असा गुंडाळतो की बायकोनेही ओळखू नये. वर गॉगल, खिशात कांदा, पिशवीत पन्ह्याची बाटली. कांद्यात किती तथ्य ते सोडा, पण यासाठी कुणी नोटीस लावलेली नाही की फोटो काढायला साहेब आलेला नाही. लहानपणी आई दारात आडवी उभी राहायची : "दुपट्टा बांध, मंग जाय." ती इतक्यांदा आडवी आली की आता दुपट्ट्याविना त्याचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही. म्हणजे सवय भाऊला आहे, पुरती आहे. शेडमध्ये शिरताना तेवढी तो दुपट्ट्याबरोबर खुंटीला अडकवतो.

तेव्हा कारखानदारहो, येत्या ४ मार्चला पाहुणा शोधत असाल तर हार-तुऱ्यांचा खर्च वाचवा आणि भाऊच्या आईला सकाळच्या पाळीला गेटवर खुर्ची द्या. चष्मे मात्र आधी आणून ठेवा. ते नसले, तर ती म्हातारी तुम्हालाही आत सोडायची नाही.