आधी लागलेले काका

ग्रीसच्या सॅरॉनिक आखातातल्या कुठल्याही छोट्या बंदरात दुपारी तीनच्या सुमाराला शिडाची बोट घेऊन शिरा, धक्क्यावर एक गृहस्थ हमखास उभे असतात. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, उन्हानं रापलेलं अंग, खाऱ्या पाण्यानं रंग उडालेली टोपी आणि दोन्ही हात कमरेवर. कधी ते ब्रिटिश असतात, कधी जर्मन, कधी डच. देश बदलतो, हुद्दा तोच राहतो. आपण त्यांना काका म्हणू.

काकांची पात्रता एकच : ते तुमच्या आधी धक्क्याला लागलेले असतात. ते सकाळी अकरालाच येतात, तेव्हा बंदर अर्धं रिकामं असतं आणि वारा झोपलेला असतो. त्यामुळे त्यांची स्वतःची बोट लागताना कुणी पाहिलेली नसते. त्यांच्या कीर्तीचा पाया इथेच आहे.

काकांना बघायचं तर हायड्रा बेटावर. पिरेअसहून वेगवान फेरीनं दीड-दोन तासांवर असलेल्या या बेटावर मोटारगाड्यांना बंदी आहे. सामान वाहायला धक्क्यावर खेचरं आणि गाढवं उभी असतात. लेनर्ड कोहेननं १९६० साली इथे घर घेतलं, तेव्हापासून कवितेच्या वाटेला न गेलेली माणसंही इथे येऊन हळवी होतात. १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धात या एवढ्याशा बेटानं तुर्कांविरुद्ध शंभरावर जहाजं उतरवली होती. मियाऊलिससारखा दर्यासारंग त्या आरमारात होता. त्याची जहाजं बंदरात लागताना धक्क्यावरून कोण सूचना देत होतं याची नोंद इतिहासात नाही, पण कुणीतरी देत असणारच.

आता अडचण अशी की इथे बोट धक्क्याला आडवी लावायची सोय नाही. बोटी फार, धक्का तोकडा. म्हणून धक्क्यापासून तीन-चार बोटींच्या लांबीवर नांगर टाकायचा, साखळी सोडत सोडत उलटं मागे यायचं, दोन शेजाऱ्यांच्या मधल्या फटीत पिछाडी घालायची, मागचे दोन दोर धक्क्याच्या कड्यांतून ओवून घ्यायचे आणि मग पुढची साखळी ताणायची. सांगायला एक वाक्य पुरतं. करताना चाळीस फुटी बोट उलट्या दिशेनं जात असते, पुरेसा वेग आल्याशिवाय ती सुकाणूला दाद देत नाही, आणि पंखा उलटा फिरू लागला की पिछाडी आपल्या मनानं एका बाजूला, बहुधा डावीकडे, सरकते. त्यातच बाजूचा वारा नेमका तेव्हाच जागा होतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारा वॉचमन आठवा. फक्त इथे गाडीला ब्रेक नसतो आणि जमीनही हलत असते.

साडेतीनला एक जोडपं शिरतं. बोट भाड्याची, शनिवारी घेतलेली, पुढच्या शनिवारी परत द्यायची. तो सुकाणूवर, ती पुढच्या टोकाला साखळीचं बटण धरून. दोघांमध्ये चाळीस फूट अंतर आणि इंजिनाचा आवाज.

‘‘सोड!’’

‘‘किती?’’

‘‘सोडत राहा!’’

‘‘राहिलीच नाही!’’

काका उठतात. त्यांच्या हातात फेंडर असतो, म्हणजे धडक बसू नये म्हणून बोटीच्या कडेला धरायची हवेची गादी. तो फुगीर फेंडर पाहुण्यांच्या काळजीपोटी घेतलाय असं नवख्यांना वाटतं. काका तो आपल्या बोटीच्या कडेला धरतात, आणि मग त्या सुरक्षित जागेवरून सांगतात, ‘‘डावीकडे घ्या!’’ त्याच वेळी पलीकडच्या बोटीवरचे दुसरे काका ओरडतात, ‘‘उजवीकडे!’’ दोघांचंही बरोबर असतं. एकाच्या मनात बोटीचं तोंड असतं, दुसऱ्याच्या मनात पिछाडी. मधला तरुण मात्र आयुष्यात पहिल्यांदा एकाच वेळी दोन्हीकडे वळायचा प्रयत्न करतो.

काकू कॉकपिटच्या सावलीत पुस्तक वाचत असतात. त्यांनी पान उलटलं की समजावं, धडक होणार नाही. त्यांनी पुस्तक मिटलं तर आपण मागे सरकावं.

पण काकांचं एक कबूल केलं पाहिजे. पहिला दोर पाण्यात पडतो, दुसरा खेचराच्या पायाशी पडतो, तिसरा मात्र काका हवेतच झेलतात. ‘‘वाऱ्याकडचा आधी!’’ म्हणत तो कड्यातून ओवून टोक परत बोटीवर फेकतात, म्हणजे सकाळी निघताना कुणाला धक्क्यावर उतरावं लागत नाही. त्या एवढ्या चार सेकंदांत काका बोलतात ते सगळं खरं असतं आणि त्यांचा हातही खरा असतो. दोर बांधून झाला की पुन्हा बोलणं सुरू होतं.

संध्याकाळी ऊझोच्या ग्लासाभोवती नांगरपुराण लागतं. साखळी किती सोडली? खोलीच्या चौपट? अरे अरे! पाचपट तरी हवी, कारण तळावर पसरलेल्या साखळीमुळेच ओढ आडवी बसते आणि नांगर रुतून राहतो. मग नांगरांचे पंथ निघतात. फाळाच्या आकाराचा सीक्यूआर नांगर केंब्रिजचे जी. आय. टेलर यांनी १९३३ साली काढला. द्रव पदार्थांच्या गणितातलं ते केवढं मोठं नाव. ‘‘ठीक आहे,’’ काका म्हणतात, ‘‘पण आता नव्या रोकना नांगरासमोर त्याचं काही चालत नाही.’’ टेलरांनाही चार गोष्टी सांगायला काकांची ना नसते. शेवटी मेल्तेमी येतो, उन्हाळ्यात एजियनवर उत्तरेकडून सुटणारा तो वारा. पहिल्या ग्लासाला त्याचा जोर बोफोर्ट मापावर सहा असतो, तिसऱ्या ग्लासाला नऊ.

हे सगळं काका आपल्यावरच्या प्रेमापोटी करतात असं समजू नये. खरी गोष्ट पाण्याखाली आहे. हायड्राचं बंदर नालेच्या आकाराचं, तिन्ही बाजूंनी बोटी लागतात आणि सगळ्यांच्या साखळ्या मध्यावर येऊन एकमेकींवर पडतात. धक्क्यावर जागा संपली की नवे लोक पहिल्या रांगेच्या पुढे दुसरी रांग लावतात, कधी तिसरीही, आणि त्यांच्या साखळ्या आणखी वरून जातात. म्हणजे जो सर्वांत आधी आला तो धक्क्यावर सर्वांत ज्येष्ठ, पण तळाशी सर्वांत खाली दबलेला. तुमचा नांगर पडतो त्या प्रत्येक ‘धप्प’ आवाजासरशी काकांची उद्याची सकाळ तासाभरानं लांबते. मोठ्यानं सल्ला देणं हा त्यावर त्यांना सापडलेला एकमेव उपाय.

म्हणूनच झोपण्यापूर्वी ते धक्क्यावर फेरी मारतात आणि प्रत्येकाला सहज विचारतात, ‘‘उद्या कुठे?’’ प्रत्येक जण जवळच्या बेटाचं नाव सहज सांगतो, ‘‘पोरोस.’’ काकाही म्हणतात, ‘‘आम्हीही पोरोसच.’’ ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो.

सकाळी सातला काका नांगर उचलायला घेतात. विंच कण्हतं, बोटीचं नाक खाली जातं, आणि पाण्यातून नांगराबरोबर एक परकी साखळी वर येते. ‘‘कालचं ते जोडपं!’’ काका गरजतात. जोडपं चहाचे कप घेऊन बाहेर येतं आणि नम्रपणे आपली साखळी दाखवतं : सरळ, मोकळी, भलत्याच दिशेला. फाळात अडकलेली साखळी असते एका जुन्या मासेमारी बोटीची. तिचा म्हातारा मालक काकांच्याही कितीतरी आधी इथे लागलेला. तो कॉफी पीत बसलेला असतो. सल्ला देत नाही, नुसता पाहतो. काकांना हेच सर्वांत जास्त झोंबतं.

मग काकू पुस्तक ठेवतात. पुढे जाऊन वाकतात, एक जाड दोर त्या परक्या साखळीखालून ओवून त्याची दोन्ही टोकं आपल्या बोटीला बांधतात. ‘‘खाली,’’ एवढंच म्हणतात. काका मुकाट्यानं नांगर थोडा खाली सोडतात. साखळी दोरावर लटकून राहते, नांगर तिच्यातून निसटतो. काकू दोराचं एक टोक सोडतात. साखळी खळ्ळकन तळाला जाते. म्हातारा कपाळाला बोट लावून सलाम करतो. तो काकूंना असतो.

दुपारी बंदरातली निम्मी मंडळी पोरोसच्या नावाखाली निघून, काकांना चुकवल्याच्या आनंदात, समोरच्या किनाऱ्यावरच्या एर्मिओनीत शिरतात. धक्क्यावर कमरेवर हात ठेवून काका उभे असतातच. त्यांनीही पोरोस सांगितलं होतं, ते याचसाठी. जागा हवी असेल तर खरा मुक्काम कुणाला सांगू नये, हा एवढाच सल्ला त्यांनी कधी कुणाला दिलेला नाही.